दुरुस्तीनंतरची नादुरुस्ती



मोटारगाडीत होणाऱ्या बिघाडांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग झिजेचा. रबर कडक होते, पट्टा सैल पडतो, प्लगाची टोके झिजतात आणि गाडीची चाल महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू बिघडत जाते. दुसरा वर्ग हाताळणीचा. शनिवारपर्यंत बरी चालणारी गाडी मालकाने रविवारी उघडली, साफसूफ केली, चार भाग नवे बसविले, आणि सोमवारी सकाळी ती धड चालेनाशी झाली, असे जेव्हा घडते तेव्हा तो बिघाड या दुसऱ्या वर्गात मोडतो. हे दोन प्रकारचे बिघाड शोधण्याच्या रीती मुळातच वेगळ्या आहेत. पहिल्यात ‘काय झिजले असेल?’ असा प्रश्न विचारावयाचा असतो. दुसऱ्यात ‘काय बदलले?’ असा. एवढी एक गोष्ट ध्यानात न ठेवल्यामुळे पुष्कळ वेळ व पैसा वाया जातो, आणि प्रसंगी माणसांच्या जिवावरही बेतते.

स्वतःच्या गाडीची किरकोळ देखभाल स्वतः करण्यात कमीपणा नाही, आणि तो वेडेपणाही नाही. फियाट आणि अँबॅसिडर यांच्या काळात पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, पट्टा ताणणे ही कामे कितीतरी कारकून, वकील आणि शिक्षक सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात करीत असत. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी ती हौस थांबली नाही. आजच्या गाडीत कार्बुरेटरच्या जागी पेट्रोलचे फवारे सोडणारे इंजेक्टर आले आणि त्यांच्यावर हुकूम चालविणारे एक लहानसे गणकयंत्र आले. परंतु तेल, फिल्टर आणि प्लग हे अद्यापि माणसाच्या हातानेच बदलावे लागतात. जेथे हात पोहोचतो तेथे हातून काही राहून जाण्याची शक्यताही पोहोचते. तिचा बंदोबस्त कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरणादाखल एका गृहस्थाची कल्पना करावी. त्याची चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी आहे. रविवारी सकाळी त्याने इंजिनातील तेल व तेलाचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर नवा घातला, चारही स्पार्क प्लग बदलले, आणि बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी पूड घासून काढण्यासाठी तिच्या तारा सोडवून पुन्हा जोडल्या. सोमवारी गाडी सुरू झाली खरी. पण उभ्या जागी इंजिन थरथरू लागले, चढावर गाडी झटके देऊ लागली, आणि समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

आता येथे बहुतेक माणसे काय करतात? शेजारी म्हणतो पेट्रोलात भेसळ असेल; मेहुणा म्हणतो पेट्रोलचा पंप गेला असेल; दुकानदार म्हणतो कॉइल बदलून पाहा. बुधवारपर्यंत आणखी तीन नव्या वस्तू गाडीत बसतात. गाडी आहे तशीच राहते. मात्र मूळ खूण त्या तीन वस्तूंच्या खाली गाडली जाते. रविवारी चार बदल झाले होते. बुधवारी ते सात झालेले असतात, आणि कोणत्या बदलाने काय झाले हे आता कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, नवी वस्तू विकत आणण्यापूर्वी कागद घेऊन बसावे. त्या कागदावर तीन रकाने आखावे. पहिल्यात, काय काय काढले ते लिहावे. दुसऱ्यात, काय काय नवे बसविले ते लिहावे. तिसऱ्यात, जे काढलेही नाही आणि बसविलेही नाही, परंतु वाटेत आले म्हणून बाजूला सारले, ज्यावर कोपर टेकला, ज्यावरून पाना घसरला, ते लिहावे. पहिले दोन रकाने सर्वांना आठवतात. तिसरा रकाना आठवत नाही, आणि दोष पुष्कळदा त्यातच दडलेला असतो. मागच्या बाजूचा प्लग गाठण्यासाठी हवेचे नळकांडे उचलून धरावे लागते; त्या ओढाताणीत बोटाएवढी रबरी नळी निसटते आणि ती निसटल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा नियम असा की, हत्यार उचलण्यापूर्वी इंद्रिये वापरावी. इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडून चांगल्या प्रकाशात पाहावे. एखादा जोड अर्धवट बसला आहे काय, एखादी नळी लोंबते आहे काय, एखादी पकड सैल आहे काय, हे डोळ्यांनी आणि बोटांनी तपासावे. मग इंजिन सुरू करून ऐकावे. कोठून तरी सतत फुस्कारा येत असेल तर हवा चोरवाटेने आत जाते आहे. ठरावीक अंतराने ठेका चुकत असेल तर एखादा सिलिंडर काम करीत नाही. नाकालाही काम द्यावे. तेल ओतताना सांडलेले चार थेंब तापलेल्या नळीवर जळतात, तेव्हा येणारा वास थोड्या वेळाने आपोआप जातो. पेट्रोलचा वास मात्र कधीही थोडा मानू नये.

यानंतर प्रत्येक कामाचे नेहमीचे दोष एकेक करून तपासावे. प्रत्येक कामाच्या पाठोपाठ येणारे दोष ठरलेले आहेत.

प्रथम प्लग. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात तो १-३-२ असा होता. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत चारही तारा एकदम काढल्या आणि बसविताना दोहोंची अदलाबदल झाली, की ठिणगी भलत्याच वेळी पडते. इंजिन गचके देते, आणि कार्बुरेटरमधून किंवा धुराच्या नळीतून फटाक्यासारखे आवाज निघतात. म्हणून तार एका वेळी एकच काढावी. नव्या गाड्यांत पुष्कळदा प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. तेथे तारांची गल्लत होत नाही. पण कॉइलचा विजेचा जोड ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत आत न ढकलल्यास तो दिसायला बसलेला आणि वस्तुतः सुटलेला राहतो. आणखी एक दोष डोळ्यांना सहसा दिसत नाही. सॉकेट तिरके धरले तर प्लगाच्या पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी चीर जाते. मग वीज प्लगाच्या टोकापर्यंत न जाता त्या चिरेतून बाहेर पडते. प्लग नवा आहे म्हणून तो चांगलाच आहे, ही समजूत अशा वेळी माणसाला फसविते.

जुन्या गाडीच्या पॉइंटांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. अँबॅसिडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटांतील अंतर साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवीत. ‘फक्त पॉइंट साफ केले’ असे मालक म्हणतो. परंतु घासताना वा पुन्हा आवळताना ते अंतर बदलले, की त्याबरोबर ठिणगीची वेळही पुढे-मागे सरकते. त्यामुळे अंतर फिलर गेजने मोजल्यावाचून काम पुरे झाले असे मानता येत नाही.

दुसरे काम हवेच्या फिल्टरचे. हे सर्वांत सोपे म्हणून सर्वांत निष्काळजीपणे होते. पुष्कळ गाड्यांत आत जाणारी हवा मोजणारा एक मापक असतो. फिल्टरची पेटी नीट मिटली नाही, तर धूळ न गाळता आत जाते. आणि मापकाच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, फट राहिली तर न मोजलेली हवा इंजिनात शिरते. गणकयंत्र बिचारे मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडते. मिश्रणात हवा अधिक आणि पेट्रोल कमी असे होऊन इंजिन उभ्या जागी डळमळते. या दोषाला औषध एका पैशाचेही लागत नाही. पकड नीट बसवून आवळली की झाले.

तिसरे काम बॅटरीचे. बॅटरीची तार सोडली की काही गाड्यांतील गणकयंत्राने अनुभवाने शिकून ठेवलेली माहिती पुसली जाते. उभ्या जागी इंजिनाचा वेग किती ठेवावा, हे ते पुन्हा शिकते. तोवर वेग थोडा वर-खाली होतो. हा बिघाड नव्हे. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालविली, की तो बहुधा आपोआप जातो. काही गाड्यांसाठी पुस्तिकेत ठराविक कृती दिलेली असते. परंतु एकच सिलिंडर सतत ठेका चुकवीत असेल, तर त्याचा दोष या विस्मृतीवर टाकू नये.

चौथे काम तेलाचे, आणि ते सर्वांत जोखमीचे. तेलाच्या फिल्टरला रबराची गोल कडी असते. जुना फिल्टर काढताना ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नव्या कडीसह नवा फिल्टर बसविला, की दोन कड्या एकावर एक येतात. हाताने आवळताना तो घट्ट भासतो. परंतु तेलाचा दाब वाढला की त्या सरकतात आणि सगळे तेल बघता बघता रस्त्यावर येते. तेल सोडण्याच्या बोल्टाचा वायसर विसरणे, त्याचे आटे जाईपर्यंत तो आवळणे, हेही दोष याच घरचे. म्हणून तेल बदलल्यावर इंजिन एक मिनिटभर चालवावे, तेलाचा तांबडा दिवा काही सेकंदांत विझतो की नाही ते पाहावे, खाली वाकून जमीन पाहावी, मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने तेलाची कांडी तपासावी. पहिल्या फेरीनंतर हे सर्व पुन्हा एकदा करावे.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर त्याचाही उपयोग करून घ्यावा. दोष स्वतः नोंदवून ठेवणारी व्यवस्था अमेरिकेत १९९६ सालच्या गाड्यांपासून, आणि भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या जोडाला लहानसे वाचकयंत्र लावले, की नोंदीचा आकडा दिसतो. पी ०३०२ याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. पी ०१७१ याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. मात्र हा आकडा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. वैद्याने ‘ताप आहे’ असे म्हटल्याने रोगाचे नाव कळत नाही, तसेच हे आहे.

कारण शोधण्याची एक सुंदर आणि बिनखर्ची रीत आहे. त्या गृहस्थाच्या गाडीत पी ०३०२ असा आकडा आला, असे धरू. दुसऱ्या सिलिंडरावरील कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरील दुसऱ्यावर बसवावी; बाकी कशालाही हात लावू नये. नोंद पुसून गाडी चालवावी. आता आकडा पी ०३०३ असा आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. अर्थात कॉइलच सदोष. आकडा पी ०३०२ असाच राहिला, तर कॉइल निर्दोष; मग हीच अदलाबदल प्लगांची करावी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर परीक्षा, हे या रीतीचे सार आहे. जो एकदम तीन गोष्टी बदलतो त्याची गाडी कदाचित सुधारेलही. पण ती कशाने सुधारली हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा अंधारातच उभा असतो.

आता एक इशारा उलट बाजूचाही दिला पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय सांगितला आहे. ताडावर कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली. म्हणून कावळ्यानेच फळ पाडले असे ठरत नाही. रविवारी प्लग बदलले आणि सोमवारी गाडी बिघडली. म्हणून प्लगांनीच ती बिघडविली, असे सिद्ध होत नाही. दहा वर्षांचा पेट्रोलपंप नेमका सोमवारीच मान टाकू शकतो. मग यातून वाट कशी काढावी? जुने प्लग पुन्हा बसवावे. गाडी पूर्ववत् चालू लागली, तर दोष नव्या प्लगांत किंवा ते बसविण्यात होता. ती तशीच राहिली, तर संशयाची जागा निदान एकाने कमी झाली. यासाठीच काढलेले जुने भाग त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊ नयेत; खूण करून आठ-पंधरा दिवस जपून ठेवावे. ‘आधी हात लागला तेथे पाहावे’ हा शोधाच्या क्रमाचा नियम आहे. तो निवाडा नव्हे.

हे सगळे हौशी माणसांपुरतेच आहे, असे कोणी समजू नये. ५ मे १९८३ रोजी अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांतील नॅसो शहराकडे ईस्टर्न एअरलाइन्सचे लॉकहीड एल-१०११ जातीचे तीन इंजिनांचे विमान निघाले. त्यात कर्मचारी धरून १७२ माणसे होती. नॅसोजवळ येताच एका इंजिनाच्या तेलाचा दाब घसरला म्हणून वैमानिकांनी ते बंद केले आणि विमान मायामीकडे वळविले. परतीच्या वाटेवर उरलेली दोन्ही इंजिनेही एकामागून एक थांबली. विमान समुद्रावर उतरत असताना पहिल्यांदा बंद केलेले इंजिन पुन्हा चालू करण्यात यश आले, आणि त्या एकाच इंजिनावर ते मायामीला सुखरूप पोहोचले. चौकशीत कारण निघाले ते असे : तेलातील धातूचे कण पकडणारे लहान चुंबकी भाग निघण्यापूर्वी तिन्ही इंजिनांत नवे बसविले होते, आणि तिन्हींवर रबरी कडी नव्हती. एरवी हे भाग कडी चढविलेलेच हाती येत. त्या दिवशी ते दुसरीकडून आणले गेले, आणि कडी असेलच असे गृहीत धरले गेले. बसविल्यावरची चाचणीही इतकी थोडा वेळ झाली, की गळती दिसून आली नाही.

प्रशिक्षित माणसे आणि लेखी नियम असतानाही हे घडले. त्यात अंगणातल्या गृहस्थासाठी तीन धडे आहेत. नवा भाग पुरा आहे असे धरून चालू नये; तो जुन्याशेजारी ठेवून ताडून पाहावा. परीक्षा अपुरी ठेवू नये. आणि सर्व महत्त्वाच्या गोष्टींना एकाच दिवशी हात लावू नये. कारण एकाच समजुतीतून झालेली चूक सगळीकडे सारखीच होते. लांब समुद्रप्रवास करणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांबाबत, एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करणे टाळावे, असा दंडक आज पाळला जातो तो यासाठीच.

कोठे थांबावे हेही ठरलेले असावे. चालत्या गाडीत तेलाचा तांबडा दिवा लागला, तर ‘घर जवळच आहे’ असे म्हणू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. इंजिनाचा पिवळा दिवा सतत जळण्याऐवजी मिचकावू लागला, तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरणाच्या भागात जाऊन तो जबर तापत असण्याचा संभव असतो. गाडी पुढे दामटू नये. पेट्रोलचा वास आल्यास इंजिन सुरूच करू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम आधार असलेच पाहिजेत. दार लावलेल्या गॅरेजात इंजिन चालवून ऐकत बसू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ते माणसाला सावध होण्यास अवसर देत नाही. ब्रेक, एअरबॅग आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारा, यांना हौसेने हात लावू नये.

आणि शेवटी, स्वतःला दोष सापडला नाही तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी. येथे एक प्रसंग वारंवार घडतो. मिस्त्री विचारतो, “साहेब, कशाकशाला हात लावला होता?” आणि साहेब उत्तर देतात, “विशेष काही नाही, मिस्त्री. आपोआपच झालं.” हे उत्तर लाजेपोटी दिलेले असते. बाजूला बायको-मुले उभी असतात. चार माणसांत आपले हसे होईल असे वाटते. परंतु त्या दोन वाक्यांनी मिस्त्रीच्या हातातला दिवा काढून घेतला जातो. तो झिजेचे बिघाड शोधू लागतो, पंप उघडतो, टाकी उतरवितो, दिवस घालवितो. त्या दिवसाचे पैसे साहेबांनाच द्यावे लागतात. याहून वाईट म्हणजे, तेलाच्या फिल्टरला हात लागला होता हे त्याला कळलेच नाही, तर तो तिकडे पाहणारही नाही. आणि त्याच गाडीत बसून ते कुटुंब दुसऱ्या दिवशी घाट उतरू लागेल. लपविलेली गोष्ट लहान असते. तिच्यावर भिस्त ठेवून बसलेली माणसे लहान नसतात.

तेव्हा तो तीन रकान्यांचा कागद मिस्त्रीच्या हाती द्यावा. चांगला मिस्त्री त्यावर हसणार नाही. ज्याने कागद लिहून आणला त्याची तो कदरच करील. मिस्त्रीचेही कर्तव्य आहे. ‘कशाला हात लावलात?’ असा टोमणा एकदा मारला, की पुढच्या वेळी गिऱ्हाईक खरे सांगत नाही. विचारणाऱ्याच्या स्वरात धाक नसेल तरच सांगणाऱ्याच्या तोंडून खरे निघते. हा नियम शाळेच्या वर्गाला जितका लागू आहे तितकाच गॅरेजलाही लागू आहे.

गाडीत एक लहानशी वही ठेवावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटर झाल्यावर, काय काढले, काय बसविले, कशाला धक्का लागला आणि नंतर काय आढळले, एवढे चार ओळींत लिहावे. आज पाना हातात देणारी मुले उद्या स्वतः पाना धरतील. चुकलेले कामही त्या वहीत लिहिलेले असते, आणि बापाने ते स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, हे त्यांनी पाहिलेले असेल, तर स्वतःची चूक लिहून ठेवण्याची त्यांनाही लाज वाटणार नाही.